जुनं द्या, दुसरं घ्या

१

सकाळी दुधाची पिशवी दारात पडली की आतल्या खोलीतून तीन ठोके यायचे. टक, टक, टक. मग जरा दम, आणि पुन्हा तीन. आप्पा उठले, एवढाच त्याचा अर्थ. आप्पा म्हणजे हणमंतराव. निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात या माणसाने उभा जन्म लिलाव पुकारला होता. एकवार, दोनवार, तीनवार! वखारीच्या या टोकाला त्यांनी तोंड उघडलं की त्या टोकाच्या हमालाच्या हातातली बिडी गळून पडायची, असं गावात सांगत. आता तो आवाज नव्हता. डॉक्टरांनी गळ्यातला रोग काढला, त्याबरोबर आवाजही गेला, आणि त्या जागी श्वासापुरतं एक भोक उरलं. त्यावर मलमलचा पातळ तुकडा असायचा. पण तीनवार म्हटल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही, ही सवय काही ऑपरेशनने जात नाही.

ठोके पडायचे ते एका चिमुकल्या लॅपटॉपच्या कळांवर. चष्म्याच्या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल तेवढाच तो. पेन्सिल सेलवर चालायचा. प्रतिमाने, म्हणजे आप्पांच्या मुलीने, तो ऑफिसातल्या कुणाकरवी परदेशातून मागवला होता. आप्पांचा उजवा हात आधीपासूनच कापरा. पेन्सिल धरवायची नाही, म्हणून दिलेली पाटी त्यांनी भिंतीवर भिरकावली होती. हे यंत्र मात्र छातीवर ठेवून डाव्या हाताच्या एका बोटाने बडवता यायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा निपाणीची.

"चहा हाय का वखारीतली धुवण?" पहिलं वाक्य बहुतेक हेच. दुसरं, "भवाने, साखर काय तुझ्या सासऱ्यानं नेली?" प्रतिमाला सासराच नव्हता. लग्नाचं वय दवाखान्यांच्या आणि नोकरीच्या येरझाऱ्यांत निघून गेलं होतं. पूर्वी ती अशा वेळी फणकारायची. आता तिला राग यायचा बंद झाला होता. दात काढायच्या आधी गालात सुई देतात, तशी काहीतरी सुई तिला त्या दवाखान्याच्या वर्षात बसली होती, आणि तिचा अंमल उतरायला तयार नव्हता. ती पडद्यावरच्या शिव्या वाचायची, कप उचलायची आणि दुसरा चहा टाकायची.

एके सकाळी ठोके आले नाहीत. ती आत गेली तर आप्पा बोट आपटत होते आणि पडदा काळा होता. बिजागरी आधीच तुटली होती, ती रबराने बांधली होती. पडद्याच्या अर्ध्या भागात रेघा यायच्या. पुन्हा पुन्हा दाबल्यावर कसाबसा तो सुरू झाला, पण मधल्या त्या वेळात तिने आप्पांचे डोळे पाहिले. या माणसाला घाबरलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. यंत्र गेलं तर आप्पा आतल्या आत कोंडले जाणार, आणि त्यांना काय हवंय, काय दुखतंय, ते कुणाला कधीच कळणार नाही. तिच्या बधिर झालेल्या मनातही तेवढी भीती बरोब्बर उतरली.

२

"अगं, ते मॉडेल डिस्कंटिन्यू झालंय," ऑफिसातला शंतनू म्हणाला. पुण्याहून या कानडी शहरात आलेला हा पोरगा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सगळं ऑफिसच तेव्हा जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करण्यात बुडालं होतं. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. "कंपनीने लाइनच बंद केली. स्पेअर पण नाही मिळणार. तू सरळ मोठा घे ना."

मोठा तिने ऑफिसातून आणून पाहिला होता. तो छातीवर ठेवल्यावर आप्पांचा श्वास कोंडला. पाटावर ठेवला तर हात पोचेना. त्यांनी गुडघ्याने तो असा लोटला की ऑफिसला काय सांगायचं, या विचाराने तिच्या नाकी नऊ आले.

मग सुरू झाली पायपीट. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममधल्या टायवाल्याने तिच्या हातातलं यंत्र पाहून, म्युझियममधली वस्तू घरी कशी, अशा चेहऱ्याने हात जोडले. शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागे परदेशी वस्तूंची दुकानं होती. तिथे रेडिओ, कॅमेरे, कॉर्डलेस फोन सगळं निघालं, हे सोडून. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. गळ्यात बांधलेलं लोढणं कुणाला हवं असतं, तसं गिऱ्हाईक पुढे ढकलायची या बाजाराची रीतच. शेवटी एका कळकट दुकानदाराने पान चघळत म्हटलं, "चिकपेट ट्राय माडी, तिथे बघा, मेडम. साडी होलसेलच्या मेले, वरती. तो देतो जुना पीस. सगळ्यांना नाही देत."

सगळ्यांना का देत नाही, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

३

खाली साड्यांचं घाऊक दुकान. बाजूने एक अरुंद जिना. खळीचा वास थेट वरपर्यंत येत होता. वरच्या दुकानाला पाटी नव्हती. काचेच्या कपाटात वस्तू नीट मांडलेल्या: कानाची यंत्रं, जाड भिंगांचे चष्मे, गळ्याला टेकवून बोलायची नळकांडी, एक कवळी. संगणकाचं दुकान म्हणावं तर संगणक कुठेच नाही. प्रतिमा परत फिरणार तोच आतल्या खोलीचा पडदा सारून मालक आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चाळिशीचा गडी.

"या अक्का. मराठी का? बोला मराठीत. आम्ही खानापूरकडचे. योगीराज."

तिने यंत्र काढून दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बिघाड काय, हे न विचारता भलतंच विचारलं.

"कोण वापरतं?"

"वडील."

"आहेत?"

"म्हणजे काय? आहेत की."

"मग चालेल," तो म्हणाला. त्याने यंत्रावर तळवा ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा. "एकच वापरतात ना? मधे तुम्ही, घरातलं दुसरं कुणी, असं नाही ना?"

"नाही. कुणाला हात लावू देत नाहीत."

योगीराज आत गेला आणि तसंच दुसरं यंत्र घेऊन आला. तोच रंग, तीच मापं, बिजागरी मात्र धड. त्याने सुरू करून दाखवलं. पडदा स्वच्छ होता. प्रतिमाला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिने पर्स उघडली तसा त्याने हात आडवा केला.

"नुसतं विकत नाही मी. जुनं द्या, दुसरं घ्या. एवढंच. पण जुनं चालू करून द्या. बंद पडलेलं घेत नाही."

फुकट ते पौष्टिक, असं कुणी म्हटलं तर आपण पट्कन हसतो. प्रतिमाही गालातल्या गालात हसली असेल. नवल वाटायला हवं होतं खरं, पण इतक्या दिवसांच्या पायपिटीनंतर माणूस नवलाला दमलेला असतो. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. खूप वेळाने रेघांमधून पडदा उजळला. आप्पांचं सकाळचं वाक्य तसंच अर्धवट दिसलं. 'लवकर ये, आणि येताना.' पुढे काही नाही.

"सरी, ठीक," म्हणून योगीराजने ते तसंच उघडं, चालू, आत नेलं.

४

संध्याकाळी आप्पांच्या छातीवर नवं यंत्र ठेवून ती चहा टाकायला गेली. आता ठोके येतील म्हणून तिचा कान तिकडेच. ठोके आले नाहीत. एकसारखा, बारीक, थेंब गळावेत तसा कळांचा आवाज आला आणि थांबला.

ती कप घेऊन गेली. पडद्यावर होतं: 'दमली असशील. बस जरा.'

प्रतिमा बसली. आप्पांनी चहाचा घोट घेतला. तिने पडद्याकडे पाहिलं. 'चहा छान झालाय.'

जन्मात हा शब्द या माणसाच्या तोंडून निघाला नव्हता. आईच्या चहालाही नाही, आणि आई तर चहाची राणी. प्रतिमाने स्वतःची समजूत घातली. कोंडलेला माणूस मोकळा झाला की गोड होतो. त्यात कळा नव्या, हलक्या, बडवाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, औषधांनी स्वभाव शांत होतो कधी कधी, चांगलंच आहे की. खालच्या मालकीणबाई जिन्यात भेटल्या, त्याही खूश. "निम्म तंदे ईग चेन्नागिद्दारे," म्हणाल्या. तुझे वडील आता बरे आहेत. दुपारचं आपटणं, धोपटणं बंद झालं होतं, त्यांना झोप मिळत होती.

खोकलाही कमी झाला. मलमलच्या तुकड्यावर डाग दिसेनासा झाला. सगळं कसं बरं होत होतं. फक्त एकदा ती त्यांना खिमट भरवत होती, त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, यंत्र उशाशी मिटलेलं होतं, आणि तिला तो बारीक आवाज ऐकू आला. थेंबथेंब. ती उठून मोरीतला नळ बघून आली. नळ बंद होता. परत येईपर्यंत आवाजही बंद झाला होता.

५

मग प्रश्न सुरू झाले.

ऑफिसातून आल्यावर ती त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायची. हे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. केलं असतं तर 'ढालगज, भात कोण लावणार?' एवढंच मिळालं असतं. आता पडद्यावर यायचं: 'आपलं निपाणीचं घर सांग ना.'

"तुम्हाला माहीत नाही होय?"

'तुझ्या तोंडून ऐकायचंय.'

असं कुणी म्हटलं तर कोण नाही सांगणार? तिने सांगितलं. पत्र्याचा सोपा, वखारीचा उग्र वास, आईची जर्मनची भांडी. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. मधेच बोटं चालायची. 'तुझी आई मला काय म्हणायची?' 'मी घरी आलो की आधी काय करायचो?' 'चप्पल कुठे काढायचो?' प्रतिमा सांगायची. तिला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. आत कुठेतरी सुईचा अंमल किंचित उतरल्यासारखा वाटत होता. कुणी तरी तिला ऐकत होतं. बोटं आता एका हाताची नव्हती, दोन्ही हातांची होती, आणि उजवा हात कापत नव्हता, हे तिला दिसत होतं. ते दिसूनही ती सांगत होती.

एकदा त्याने विचारलं, 'तू लहान असताना मी तुझे लाड करायचो का?'

'त्याने' हा शब्द तिच्या मनात आला आणि ती दचकली. तिने तो मागे ढकलला आणि जत्रेची गोष्ट सांगितली. निपाणीच्या उरुसात आप्पांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि भर गर्दीत खोटा लिलाव पुकारला. "बोला, ही पोर कोण घेणार? एकवार! दोनवार!" लोक हसून बोली लावू लागले. कुणी पेढे लावले, कुणी बैलगाडी. आणि तीनवार म्हणायच्या आधी आप्पा ओरडले, "माल परत! हा माल विकायचा नाही!"

गोष्ट खरी होती. फक्त खांद्यावरची पोर प्रतिमा नव्हती. तो तिचा धाकटा भाऊ होता, हरी. तो सहावीत असताना तापाने गेला, आणि त्यानंतर त्याचं नाव घरात काढायची आप्पांनी बंदी केली होती. त्या दिवशी प्रतिमा खाली, आईचा पदर धरून उभी होती. पण सांगताना तिने स्वतःला खांद्यावर बसवलं. का, ते काय सांगायला हवं? इतकी वर्षं तिथे बसायचं मनात होतं. आप्पा आता उसळतील, आता शिवी येईल, म्हणून ती वाट पाहू लागली.

पडद्यावर आलं: 'आठवतंय. तू हसत होतीस.'

६

भागुबाई आत्या बेळगावहून आली ती भावाला बघायला. पिशवीत कुंदा, तोंडाचा पट्टा सुरू. "दादा, कसा हाईस रं?" म्हणत ती पलंगावरच बसली. आप्पा तिला 'आलीस, म्हशी?' म्हणायचे. गेली साठ वर्षं तिचं हेच स्वागत होतं.

पडद्यावर आलं: 'ये भागू. प्रवास बरा झाला?'

आत्याला वाचता यायचं नाही. प्रतिमाने वाचून दाखवलं. आत्याने प्रतिमाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि पदराने तोंड पुसलं.

मग गप्पा निघाल्या. आप्पांनी जुनं काढलं, सगळं बरोबर, भांडी, वखार, चप्पल. प्रतिमा वाचत होती. आपलेच शब्द आपण वाचतोय, हे तिला कळत होतं. मग जत्रा आली. 'भागू, उरुसात मी प्रतिमाला खांद्यावर घेऊन लिलाव पुकारला होता, आठवतं?'

"प्रतिमाला?" आत्या म्हणाली. "हरीला की रं, दादा. प्रतिमा खाली रडालती, मला पण घ्या म्हणून. मीच तिला बत्तासं घेऊन दिलं." ती पुढे वाकली. "दादा, हरी इसरलास?"

आप्पा प्रतिमाकडे बघत होते. रागाने नाही. हिशेबात चूक निघाल्यावर शिकाऊ कारकून साहेबाकडे बघतो, तसे. मग बोटं हलली. प्रतिमाने ते वाक्य आत्याला वाचून दाखवलं नाही. 'तू तसं सांगितलं नव्हतंस.'

स्वयंपाकघरात आत्याने तिला धरलं. "काय झालंय ह्येला? कुठलं औषध देतीस?" प्रतिमाने यंत्राची हकिगत सांगितली. जुनं दिलं, दुसरं घेतलं. आत्या ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"अगं, बोहारणीला जुनं लुगडं देताना सुदिक आपण एक दोरा काढून ठेवताव. का ठेवताव? माणूस लुगड्याबरोबर जाऊ नये म्हणून. आणि तू दादाची जीभ देऊन आलीस? चालू?"

"आत्या, ते यंत्र आहे."

"असंल. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, प्रतिमा. ह्येची खोड गेलीया. मला त्या खोलीत झोपवू नको." त्या संध्याकाळच्याच गाडीने ती परत गेली.

७

प्रतिमा शिकलेली बाई होती. आजारी माणसाची आठवण दगा देते, लेकरांची नावं उलटसुलट होतात, हे तिला ठाऊक होतं. तसं तिने स्वतःला बजावलंही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, त्यात दुकानदाराचा काय दोष? पण शनिवारी दुपारी तिने आप्पांच्या छातीवरून यंत्र उचललं. "सेलची पट्टी सैल आहे. दाखवून आणते."

त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं. मग एक हात सोडवून लिहिलं: 'हेच परत आणशील ना?'

"हो," ती म्हणाली.

चिकपेटचा जिना चढताना तिला आवाज आला. खाली साड्यांचे गठ्ठे आपटत होते, हमाल ओरडत होते, तरीही तो आला. टक, टक, टक. जरा दम. टक, टक, टक. छातीत काहीतरी असं उसळलं की तिला कठड्याला धरावं लागलं. कितीतरी महिन्यांत तिला असं काही वाटलं नव्हतं.

"या अक्का," योगीराज म्हणाला. जणू तो वाटच बघत होता. "येतात काही जण. घरचं आणलंय? मग बदलून देतो, आत्ताच. पण नीट बघून सांगा. मग तिसऱ्यांदा होत नाही." त्याने पडदा सारला.

आतली खोली लांबट होती, एका कोपऱ्यात मिणमिणता दिवा. फळ्यांवर काय काय होतं ते तिने पाहिलं नाही, पाहायचं नव्हतं. समोरच्या टेबलावर रबर बांधलेलं जुनं यंत्र उघडं होतं. त्याच्यापुढे कुणी नव्हतं. आणि कळा दबत होत्या. एकेक कळ खाली जात होती आणि वर येत होती, जोरात, बडवल्यासारखी.

रेघांच्या मधून अक्षरं उमटत होती. 'कोण हाय का तिथं? घर जे. पी. नगर. पोरीला निरोप द्या. कोण हाय का?'

प्रतिमाने टाइप केलं. 'आप्पा. मी आलेय.'

कळा थांबल्या. मग तुटून पडल्या. 'कुठं उलथली होतीस, भवाने? किती हाका मारल्या. दिवा का घालवलायस? चहा आण.'

ते आप्पा होते. त्यात आता शंकेला जागा नव्हती. पर्समधलं दुसरं यंत्र काढून टेबलावर ठेवायचं, एवढंच तिने करायचं होतं. तिने पर्स उघडलीसुद्धा. मग, का कुणास ठाऊक, तिने आधी विचारलं. 'आप्पा, उरुसात खांद्यावर घेऊन लिलाव कुणाचा केलात?'

हरीचं नाव काढायची बंदी होती. मग कळा अगदी हळू दबल्या.

'हरीचा. तुला कशाला घेऊ? तू चालत होतीस की.'

तिने ते पुन्हा वाचलं. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. जे होतं ते तसं सांगितलं होतं. ती चालत होती. तेव्हाही, त्यानंतरही, दवाखान्याच्या लांबच लांब वऱ्हांड्यांतून, शिवाजीनगरातून, या जिन्यापर्यंत. तिला एकदम इतकं दमल्यासारखं झालं की तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं. छातीत उसळलेलं ते जे काही होतं, ते निवलं. सुईचा अंमल पुन्हा चढला, आणि या खेपेला तो तिला बरा वाटला.

तिने त्या जुन्या यंत्राचं झाकण हळूच खाली केलं. खटका बसेना, म्हणून रबर वरून ओढून बसवलं.

"मग?" योगीराजने विचारलं.

"राहू दे," प्रतिमा म्हणाली.

"सरी."

जिना उतरताना मागून ठोके आले, झाकणाच्या आतून, दबके. साड्यांच्या दुकानात पोचेपर्यंत तिला ते ऐकू येत होते. मग हमालांचा गलका झाला. तिने रिक्षा केली.

८

पुढच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. ट्रंक कॉलसारखी ओरडून बोलायची तिची सवय गेली नव्हती. "दादा कसा हाय गं?"

"बरे आहेत."

"जाऊन आलीस त्या दुकानात? बदललंस?"

"हो, आत्या. बदलून आणलं."

पलीकडे मोठा सुस्कारा. "मग आता शिव्या देतोय का परत?"

"देतात की," प्रतिमा म्हणाली. "रोज देतात."

"असू दे, असू दे. देऊ दे बिचाऱ्याला," आत्या रडत रडत हसली. "सणाला येते मी. म्हशी म्हणाला की बघ, कुंदा भरवते त्याला माझ्या हातानं."

प्रतिमाने फोन ठेवला आणि वळली. आप्पा दारात उभे होते. ऑपरेशननंतर ते कुणाच्या आधाराशिवाय कधी पलंगावरून उतरले नव्हते. यंत्र त्यांनी दोन्ही हातांत, तिला वाचता येईल असं, समोर धरलं होतं. चेहरा मायेचा, उत्सुक.

पडद्यावर लिहिलं होतं: 'कुठल्या शिव्या? सांग ना. सणापर्यंत पाठ करतो.'

प्रतिमाने खुर्ची ओढली. ते समोर बसले. ती आठवू लागली, आणि पहिली सकाळच्या चहाची, अशा क्रमाने एकेक सांगत गेली.